रित्या तळ्याचा मानकरी

मी एक बांबू बोलतो आहे. बासरीचा नव्हे, तेवढे भाग्य नाही. मांडवाचाही नव्हे, तेवढी मिरवण्याची हौस नाही. मढ गावाच्या मागे, समुद्र आणि खाडी यांच्यामधल्या चिंचोळ्या जमिनीवर कमळ या कोळी बाईंची भाजीची वाडी आहे. वाडीच्या वरच्या अंगाला एक तळे आहे आणि त्या तळ्याच्या मधोमध मी उभा आहे. आज, वैशाखात, या तळ्यात पाण्याचा थेंब नाही. ही तक्रार नव्हे, ही या तळ्याची कीर्ती आहे. ती कशी, हे सांगण्यासाठी तोंड उघडले आहे. आणि बांबूला तोंडे दोन असतात, तेव्हा बोलणे थोडे लांबले तर सांभाळून घ्यावे.

माझा जन्म कुठल्या बेटात झाला ते मला ठाऊक नाही. माझी पहिली आठवण वसईकडच्या एका वखारीची आहे. तिथे तुळशीदास नावाचा धिप्पाड कोळी आला. त्याने शंभर बांबू बाजूला सारून मला उचलले, कानाजवळ नेऊन टिचकी मारली आणि म्हणाला, "ह्यो खोटं बोलनार नाय." बांबूच्या प्रामाणिकपणाची ही परीक्षा कोणत्या शास्त्रात सांगितली आहे हे मी अजून शोधतो आहे. पण त्या एका वाक्याने माझ्या आयुष्याला वळण लागले, एवढे खरे.

तुळशीदासाच्या होडीवर माझे काम दुहेरी होते. उथळ खाडीत होडी ढकलायची आणि पाण्याचा ठाव घ्यायचा. माझे एक पेर म्हणजे साधारण एक वीत. तुळशीदास मला पाण्यात सोडी, तळ लागला की बोट लावून पेरे मोजी आणि ओरडे, "पाच पेरं! चल पुढं!" मीटर आणि फूट या गोष्टी त्याच्या लेखी सरकारी कागदापुरत्या होत्या. माझ्या शब्दावर त्याने तीन वर्षे होडी हाकली आणि एकदाही ती गाळात रुतली नाही. माझ्या आयुष्यातला हा सर्वांत मानाचा काळ, असे मी तेव्हा समजत होतो.

पुढे होडीला इंजिन आले, आणि इंजिनाला ठाव घेण्याची सवय नसते. मला किनाऱ्यावर बोंबील वाळत घालायच्या वलांडीत आडवे बांधले गेले. चार वर्षे मी बोंबलांचा भार वाहिला. वासाबद्दल मी काही बोलणार नाही, कारण ज्यांना तो वास वाटतो ते मढचे नव्हेत. एका वादळात वलांडी मोडली आणि मी तुळशीदासाच्या घराच्या मागच्या भिंतीला टेकून उभा राहिलो. माणसांची ही एक सवय मी टिपून ठेवली आहे. निरुपयोगी वस्तू ती फेकत नाहीत, भिंतीला टेकवून ठेवतात. यात दया किती आणि आळस किती, याचे प्रमाण घराघराप्रमाणे बदलते.

तिथून मला उचलले ते कमळबाईंनी. तुळशीदासाच्या धाकट्या भावाच्या या पत्नी. नवरा गेल्यापासून बाजारात मासळी विकण्याचे सोडून त्यांनी घरामागची वाडी धरली होती. वांगी, मुळा, लाल माठ, दुधी. सुरुवातीला त्यांनी मला दुधीच्या वेलाला आधार म्हणून लावले. वेल माझ्या अंगावरून चढला खरा. पण पहिल्याच उन्हाळ्यात त्याची पाने कडेने करपली. मुळा बोटाएवढा झाला आणि थांबला. वाडीतल्या जुन्या विहिरीचे पाणी खारे झाले होते.

कारण सगळ्या गावाला माहीत होते आणि म्हणूनच कोणी बोलत नव्हते. आजूबाजूला चित्रीकरणासाठी भाड्याने जाणारे बंगले उभे राहिले होते, प्रत्येकाने खोल बोअर मारली होती, आणि पंप दिवसभर पाणी ओढत होते. तुळशीदासाचा मुलगा विकी हाच धंदा करी. बंगले आणि शूटिंगवाले यांची गाठ घालून देण्याचा. बोलायला चटपटीत, मनाने वाईट नाही, पण वाडीकडे बघताना त्याच्या डोळ्यांना मुळा कधीच दिसला नाही.

"काकी, सोड ना आता," तो म्हणाला. "मीठ पिकवतेयस काय? इथं व्हॅनिटी व्हॅनचं पार्किंग केलं ना, झकास काम होईल. बसल्या जागी खाशील."

"बसल्या जागी खायला मी काय विसर्जनाचा गणपती हाय?" कमळबाई म्हणाल्या. "माज्या सासूनं ह्या विहिरीच्या पान्यावर सात मानसं जगवली."

जमीन तुळशीदासाच्या नावावर होती, म्हणून शब्द त्याचा. त्याने मिशी ओढली. मग त्याने असा निवाडा दिला की कोणत्याही न्यायालयाला त्याचा हेवा वाटावा. "एक पावसाळा दिला, कमळ. होळीच्या आदल्या दिवशी ह्या विहिरीच्या पान्यात तूरडाळ शिजवायची, तासाभरात. शिजली, तर वाडी तुझी. नाय शिजली, तर विकी म्हनतो तसं."

खाऱ्या, जड पाण्यात डाळ शिजत नाही. ती रात्र गेली तरी दाणा दाण्याला ओळख देत नाही. पाण्याची परीक्षा डाळीने करणारा हा समाज प्रयोगशाळेचा अहवाल दाखवला तर तो वाचेल, पण विश्वास ठेवेल तो डाळीवरच. मला यात काही चुकीचे वाटत नाही. अहवाल कोणी खात नाही.

कमळबाईंनी पवईच्या मोठ्या इंजिनिअरिंग संस्थेत पाण्यावर अभ्यास करणाऱ्या निधी नावाच्या मुलीला गाठले. तिच्या आईला त्या एके काळी पापलेट विकत. ओळख तेवढीच, पण पापलेटची ओळख पक्की असते. निधी आली, विहिरीत डोकावली, माती चोळली, आणि उकिडवी बसून सांगू लागली.

"मावशी, जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. वरचं जास्त ओढलं की खालचं वर येतं."

"म्हंजे साय खाल्ली आनि आता नासकं दूध वर आलं."

"अगदी तसंच. आता वरून परत साय धरायची. टेकडीवरून पावसाचं जे पाणी नुसतं खाडीत पळून जातं, ते इथं अडवायचं आणि जमिनीत जिरू द्यायचं."

असे ते तळे खणले गेले. वीस पावले लांब, बारा पावले रुंद, पुरुषभर खोल. वरचा चिकट थर काढून खालची वाळू उघडी केली. पाणी आत येण्याआधी गाळ बसावा म्हणून अलीकडे एक लहान खड्डा ठेवला. पाणी किती चढले आणि किती वेगाने उतरले हे पाहण्यासाठी निधीला मधोमध एक खूणपट्टी हवी होती. कमळबाईंनी दुधीचा वेल सोडवला आणि मला तिच्या हाती दिले. निधीने माझ्यावर तांबडे-पांढरे पट्टे रंगवले, आकडे घातले आणि मला दगडांत रोवले. कमळबाईंनी त्या आकड्यांकडे आदराने पाहिले आणि शेवटपर्यंत पेरेच मोजली.

"पाऊस थांबला की दोन दिवसांत तळं रिकामं झालं पाहिजे," निधी म्हणाली. "रिकामं झालं तर पास. भरलेलं राहिलं तर नापास. रोज मला फोनवर सांगायचं."

खणताना एक प्रश्न उभा राहिला, तो नोंदवण्याजोगा आहे. विहिरीला पाणी लागले की नारळ फोडतात, हा संकेत. पण इथे पाणी लागणारच नव्हते, ते जाणार होते. मग नारळ कधी फोडायचा? यावर काठावर अर्धा तास चर्चा झाली. अखेर कमळबाईंनी ठरवले, "येईल तेवा हळदकुंकू. जाईल तेवा नारळ." निरोप देताना हातात नारळ देण्याची आपली रीत पाहता, हा निर्णय शास्त्राला धरूनच होता.

पाऊस सुरू झाला. तळे भरले, नारळ फुटला, तळे आटले. पुन्हा भरले, पुन्हा आटले. श्रावण संपेपर्यंत अकरा वेळा. कमळबाई रोज सकाळी काठावर येत, माझी पेरे मोजत आणि फोनवर ओरडत, "सहा! ... काल सहा, आज चार! ... निधी, आज दोन!" सात पेरांवरून शून्यावर येताना मला स्वतःबद्दल जो अभिमान वाटे, तो खाडीतही वाटला नव्हता.

गावाला मात्र तो दिसला नाही. भरलेला हंडा, भरलेली ओटी, भरलेले घर; आपल्या सगळ्या आशीर्वादांत भरणेच आहे. रिते राहण्याचा आशीर्वाद मी कोणी कोणाला दिलेला ऐकला नाही. त्यामुळे 'कमळीचं गळकं तळं' असे नाव पडले. "काय गो, चाळन खनलीस काय?" असे बायका बाजारात विचारू लागल्या. एका वृद्ध गृहस्थांनी तर पाणी न ठरणाऱ्या तळ्याची जुनी कहाणी काढली, ज्यात तळे घरच्या सुनेचा बळी मागते. अशा कहाण्या गावोगाव आहेत, हे खरे. फक्त एक निरीक्षण नम्रपणे मांडतो. मी ऐकलेल्या एकाही कहाणीत तळ्याने घरच्या कर्त्या पुरुषाला मागितलेले नाही. तळ्यांना एवढी निवड कशी कळते, हा संशोधनाचा विषय आहे.

ही चेष्टा जिव्हारी लागली ती कमळबाईंना नव्हे, तुळशीदासाला. त्याच्या घराण्यात तीन पिढ्यांत एक होडी गळली नव्हती, आणि आता त्याच्या नावच्या जमिनीत सगळ्या गावाला माहीत असलेली गळती! गौरी-गणपतीला कमळबाई पाच दिवस वेसाव्याला भावाकडे गेल्या, आणि तो कामाला लागला.

टेकडीमागची पिवळी चिकणमाती त्याने टेम्पोने आणवली. तळे तेव्हा नुकतेच आटले होते. होडीवरचे दोन गडी आणि विकी यांना घेऊन तो आत उतरला. होडीच्या फटी बुजवताना जी निगुती तो दाखवी, तीच त्याने इथे दाखवली. माती भिजवली, थापली, पायांनी तुडवली, कडेकडेने अंगठ्याने दाबली. माझ्या पायाशी आला तेव्हा माझ्या बुंध्याभोवती दुप्पट लेप दिला आणि मला थोपटून म्हणाला, "येऊ दे कमळीला. खूष होईल बिचारी." त्याच्या आवाजात एवढी माया होती, की मला जीभ असती तरी मी काय बोललो असतो, सांगता येत नाही.

भाद्रपदाच्या दोन सरींत तळे भरले आणि भरलेलेच राहिले. बगळे आले. काठावर लोक आले. बायकांनी ओटी भरावी तशी तळ्यात फुले टाकली. विकीने एका शूटिंगवाल्याला फोन लावला, "सर, खेड्यातला तलाव पाहिजे होता ना? नॅचरल आहे एकदम. वर कमळ पण आहे." त्यातले कमळ म्हणजे त्याची काकी होती, एवढे सांगायचे राहून गेले.

कमळबाई परतल्या तेव्हा तळ्यात आभाळ उतरले होते. आता मी एक कबुली देतो, आणि ती त्यांच्या वतीने आहे. रिकामे म्हणजे पास, हे त्यांना माझ्याइतकेच पाठ होते. तरी काठावर उभ्या राहून त्या हसल्या. ज्या बायका चाळण म्हणत होत्या त्याच आता "नशीब काढलंस गो" म्हणत होत्या. त्या स्तुतीत त्यांचे गणित चार दिवस वाहून गेले. रोज येत, माझ्याकडे बघत, "सात," म्हणत. दुसऱ्या दिवशी, "सात." एक सर आली तेव्हा साडेसात, मग पुन्हा, "सात." निधीला फोन मात्र करत नव्हत्या. आणि मी, खोटे न बोलणारा म्हणून निवडलेला बांबू, रोज खरे तेच दाखवत होतो. खरे दाखवणे पुरत नाही, हे मला तेव्हा कळले. समोरच्याने ते मोजून घ्यावे लागते.

वेसाव्याला निघाल्यापासून नवव्या दिवशी निधीचाच फोन आला.

"मावशी, पेरं?"

"सात," कमळबाई जरा हळू बोलल्या.

"आणि काल?"

"सात."

"परवा?"

कमळबाईंनी फोन कानापासून दूर धरला आणि परतल्यापासून प्रथमच माझ्याकडे नीट पाहिले. मग साडीचा ओचा खोचून त्या कडेच्या पाण्यात उतरल्या. दोनच पावले गेल्या आणि पाय सर्रकन घसरला. वाळूवर पाय घसरत नाही. त्यांनी वाकून तळाचा गोळा वर काढला. पिवळा, मऊ, आणि त्यावर एका रुंद अंगठ्याचा ठसा. तो अंगठा त्या तीस वर्षे ओळखत होत्या.

तुळशीदासाला त्यांनी काठावरच बोलावले. गोळा त्याच्या हातात ठेवला.

"भावोजी, हे काय?"

"गळती बुजवली," तो म्हणाला. चेहऱ्यावर अजूनही शाबासकीची वाट होती. "तीन पुरुष खोटी होडी सोडली नाय आमी. तुजं तळं लोकांनी हसावं?"

"होडीत पानी आलं तर होडी बुडते," कमळबाईंचा आवाज फुटला. "ह्या तळ्यातलं पानी गेलं नाय, तर माजी वाडी बुडते. होळीला डाळ काय तुमच्या मातीवर शिजवू? अवो, गळायलाच खनलं व्हतं ते!"

तुळशीदास मातीच्या गोळ्याकडे बघत राहिला. धिप्पाड माणूस लाजला की तो लहान दिसत नाही, नुसता जड दिसतो. विकी मागून म्हणाला, "बाबा, वाट लागली. मी उद्याच पार्टी आणतोय शूटिंगची." बापाने मागे न बघता सांगितले, "पार्टीला सांग, तलाव आजारी हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मढमध्ये असे दृश्य दिसले, की चित्रीकरणवाल्यांनी ते फुकट टिपून घ्यायला हवे होते. वीस पावलांच्या तळ्यात तुळशीदासाने थर्माकोलचा तराफा सोडला. त्यावर पाय रोवून उभा राहिला. मला दगडांतून हिसडा देऊन उपटले, अंगावरचे तांबडे-पांढरे आकडे एकदा पाहिले आणि म्हणाला, "चल रं. ठाव घे."

त्याने मला उभे धरून सारा जोर लावून तळात खुपसले. माती फाटली, माझे टोक वाळूला लागले. उपसले, हातभर सरकून पुन्हा खुपसले. दोन दिवस. शेकडो भोके. काठावर गाव जमले होते. "तुळशीदास, मासा गावला काय?" कोणी विचारले. "गावला," तो ओरडला. "मीच!" दुसऱ्या दिवशी दुपारी एका दगडाला लागून माझ्या बुंध्याचे पेर उभे चिरले आणि गळून पडले. मला ते दुखले, असे सांगितले तर आत्मवृत्ताची शोभा वाढेल. पण खरे म्हणजे मला बरे वाटले. होडीवर मी खोली नुसती सांगत असे. इथे पहिल्यांदा केली.

तळे कुजबुजत उतरू लागले. कंबरभर झाले तेव्हा गडी फावडी घेऊन उतरले, आणि आश्चर्य म्हणजे मागोमाग चाळण म्हणणाऱ्या बायकाही. पिवळी माती घमेल्याने बाहेर निघाली. वाळू उघडी पडली त्या संध्याकाळी तुळशीदासाने स्वतः नारळ फोडला आणि मला पुन्हा मधोमध रोवले. एक पेर कमी झाल्यामुळे कमळबाई तेव्हापासून मोजणी दोनपासून सुरू करतात. निधीने त्याला आक्षेप घेतला होता. तिला सांगण्यात आले की मानकऱ्याला एक पेर माफ असते.

परतीच्या पावसात तळे आणखी तीनदा भरले आणि तीनदा आटले. मग आभाळ कोरडे झाले आणि उरले ते वाट पाहणे.

होळीच्या आदल्या दिवशी विहिरीजवळ, माझ्यापासून तीस पावलांवर, तीन दगडांची चूल मांडली गेली. कमळबाईंनी स्वतः पाणी शेंदले. विकीने मोबाइलवर वेळ लावली. डाळ रटरटू लागली. तुळशीदास फुंकणी घेऊन चुलीपुढे बसला होता. एवढा वेळ तो समुद्राशिवाय कशापुढे बसलेला मी पाहिला नव्हता. कमळबाई मात्र चुलीकडे पाठ करून लाल माठाचे तण काढत होत्या. तण फारसे नव्हते.

वेळ संपली. विकीने डाव बुडवला, एक दाणा चिमटीत धरून दाबला. दाणा कडेने मऊ झाला, मधे अडला.

"कच्ची," तो म्हणाला. आणि त्याच्या आवाजात जिंकल्याचा आनंद नव्हता, हे मी नमूद करतो. "मधे कणी आहे, काकी."

कमळबाई उठल्या. हातातले तण तसेच होते.

तुळशीदासाने वाटीभर डाळ घेतली. सावकाश खाल्ली. शांततेत त्याच्या दाढेखालची कणी मला इथवर ऐकू आली. वाटी चाटून खाली ठेवली.

"गेल्या होळीला कशी व्हती?" त्याने विचारले.

"खडे," कमळबाई म्हणाल्या.

"आनि आता अर्धी शिजली."

"अर्धी म्हंजे नाय शिजली. शब्द तुमचाच व्हता, भावोजी."

"शब्द माजा, आनि मातीपन माजीच," तो म्हणाला. "पावसाळा एक दिला व्हता. त्यातला भादवा मी अडवून धरला. जेवढं पानी मी खाल्लं तेवढी डाळ कच्ची राहिली. तुजा पावसाळा अजून पुरा झालाच नाय, कमळ. तो पुरा होऊ दे, मग शिजव." मग मुलाकडे वळून म्हणाला, "आनि तू रं, बंगल्यांच्या गच्च्यांचं पानी गटारात सोडतोस, त्याची चर हिकडं खन. उद्या होळी हाय. परवा सुरू."

"परवा?" विकी म्हणाला. मग उरलेल्या डाळीत डाव फिरवून चाखत, "बरं. पण काकी, मीठ जरा कमी घाल पुढच्या वेळी."

"मीठ घातलंच नाय अजून," कमळबाई म्हणाल्या, आणि मग, तोंडाला पदर लावून, हसल्या की रडल्या ते तीस पावलांवरून मला नक्की दिसले नाही.

होळीसाठी लाकडे गोळा करणारी मंडळी त्या संध्याकाळी माझ्याकडे आशेने पाहून गेली. तुळशीदासाने त्यांना काठावरूनच हाकलले.

आज वैशाख आहे. दोन बंगल्यांच्या चरी तळ्यापर्यंत आल्या आहेत, तिसऱ्याची बोलणी चालू आहेत. माझा बुंधा कुजत चालला आहे. हा पावसाळा बहुधा निघेल, पुढच्याची खात्री मी देत नाही. माझ्यामागे दुसरा बांबू येईल. त्याची निवड करताना टिचकी मारून पाहावी, आणि तो उभा केल्यावर रोज त्याच्याकडे पाहावे, एवढीच इच्छा आहे. दुसरी विनंती तुम्हाला. मढच्या बाजूला कधी आलात आणि भाजीच्या वाडीत एक कोरडा, रिता खड्डा दिसला, तर कळवळू नका. कृपा करून मदतही करू नका. मायेने थापलेली माती काढायला फार जोर लागतो.

कालच एक शूटिंगवाला विकीबरोबर आला होता. काठावर उभा राहून खट्टू झाला. "अरे, इथे तलाव होता ना? पाणी कुठे गेलं?"

विकीने माझ्याकडे पाहिले, मग हिरव्या वाफ्यांच्या पलीकडे, विहिरीकडे.

"कामाला गेलंय," तो म्हणाला.